टोपलीतून परत आलेले पान : ‘द फ्रेंच डिस्पॅच’

पत्रकारितेवरचे चित्रपट बहुतेक वेळा बातमीच्या मागे धावत असतात. त्यांत एखादा घोटाळा असतो, लपवलेली कागदपत्रे असतात आणि शेवटी छापखान्यातून पहिल्या पानाचे गठ्ठे बाहेर पडत असतात. अमेरिकी दिग्दर्शक वेस अँडरसन यांच्या ‘द फ्रेंच डिस्पॅच’मध्ये यांपैकी काहीच घडत नाही. इथे कोणाचे सरकार पडत नाही आणि कोणत्याही लेखाला दैनिकाची घाई नाही. इथे आहेत ते सवडीने, लांबलचक आणि कधी कधी नको इतका तपशील देत लिहिणारे साप्ताहिकाचे लेखक, त्यांची खर्चाची भरमसाट बिले, आणि ती बिले कुरकुरत का होईना मंजूर करणारा संपादक. अँडरसन यांच्या शैलीच्या देखणेपणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १०८ मिनिटांचा हा विनोदी चित्रपट मला आवडण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे : संपादक नावाचा माणूस दिवसभर नेमके काय करतो, हे या चित्रपटाला अचूक कळले आहे.

कथेची चौकट साधी आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लिबर्टी येथून ‘इव्हिनिंग सन’ नावाचे एक काल्पनिक दैनिक निघते. त्याच्या मालकाचा मुलगा, आर्थर हॉवित्झर ज्युनियर, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी घरचा धंदा शिकण्याच्या नावाखाली वडिलांच्या खर्चाने फ्रान्सला जातो, तिथून ‘पिकनिक’ या रविवारच्या पुरवणीसाठी प्रवासवर्णने पाठवू लागतो आणि परत म्हणून येत नाही. पुढील दहा वर्षांत परदेशी स्थायिक झालेले उत्तमोत्तम पत्रकार गोळा करून तो त्या पुरवणीचे एक दर्जेदार साप्ताहिक करतो. राजकारण, कला, खाद्यपदार्थ, दूरदेशीच्या गल्लीबोळांतली माणसे असे सगळे विषय कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या दारात नेऊन पोचवणारे हे साप्ताहिक म्हणजेच ‘द फ्रेंच डिस्पॅच’. १९७५ मध्ये हॉवित्झर कचेरीतच हृदयक्रिया बंद पडून मरतो आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे साप्ताहिकही त्याच्याबरोबर संपते. काढायचा असतो तो फक्त निरोपाचा एक अंक, आणि आपण पाहतो तो चित्रपट म्हणजे तो अंकच : आधी संपादकाची ओळख, मग साप्ताहिकाच्या काल्पनिक फ्रेंच शहराचे एक छोटेखानी वर्णन, त्यानंतर तीन दीर्घ लेख आणि अखेरीस मृत्युलेख.

ही सगळी रचना कोणावर बेतली आहे, हे अँडरसन यांनी लपवलेले नाही. ह्यूस्टनच्या शाळेत असताना ग्रंथालयात त्यांना ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाची गोडी लागली आणि ती पुढे कायम राहिली. फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ सुरू करणारे हॅरल्ड रॉस हे हॉवित्झरचे मूळ प्रेरणास्थान. पहिल्या महायुद्धाच्या काळात रॉस यांनी पॅरिसमधून निघणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या वृत्तपत्राचे संपादन केले होते, त्यामुळे फ्रान्समध्ये बसून अमेरिकी वाचकासाठी अंक काढण्याची कल्पना अगदीच हवेतली नाही. याच साप्ताहिकासाठी जॅनेट फ्लॅनर यांनी १९२५ पासून १९७५ पर्यंत पॅरिसची वार्तापत्रे लिहिली. चित्रपटातल्या साप्ताहिकाचे आयुष्यही १९२५ ते १९७५ असेच आहे, आणि हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

चित्रपटाची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. एक वेटर तबकात पेयांचे पेले एकेक करून मांडतो आणि ते तबक घेऊन उंच, अरुंद, वेड्यावाकड्या इमारतीत शिरतो. कॅमेरा इमारतीसमोर स्थिर असतो. वेटर एका खिडकीत दिसतो, नाहीसा होतो, दुसऱ्याच मजल्यावर भलत्याच बाजूला उगवतो, आणि अखेर वरच्या मजल्यावर बसलेल्या संपादक मंडळापर्यंत ते तबक न सांडता पोचते. जुन्या फ्रेंच विनोदपटांचे ऋण इथे उघड आहे, पण त्यापलीकडेही या दृश्यातून एक गोष्ट कळते. अंक काढणाऱ्या कचेरीत कोण काय पितो, कोण कुठे बसतो आणि कोणाला कशी वागणूक दिली की तो लिहितो, हे सांभाळणे हा कामाचाच भाग असतो.

बिल मरे यांनी रंगवलेला हॉवित्झर फार बोलत नाही. त्याच्या दारावर ‘रडायचे नाही’ अशी पाटी आहे आणि लेखकांना तो एकच सल्ला देतो : जे लिहाल ते मुद्दाम तसे लिहिले आहे, असे वाटले पाहिजे. अंकात जागा नाही, कोणाचा तरी लेख काढावा लागेल, असे सहकारी सांगतात तेव्हा तो श्रेयनामावली लहान करायला सांगतो, काही जाहिराती काढायला सांगतो, आणखी कागद विकत घ्यायला सांगतो, पण लेख काढायला नकार देतो. ज्यांनी नियतकालिकाच्या कचेरीत एकदा तरी फर्म्याचा, म्हणजे छपाईच्या एका कागदावर बसणाऱ्या पानांचा, हिशेब केला आहे, त्यांना या वाक्यावर हसू येईल आणि किंचित हेवाही वाटेल. जाहिराती काढून मजकुराला जागा देणारा संपादक आज कुठे शिल्लक असेल तर त्याने कृपया हात वर करावा. याच कचेरीत एक हसतमुख लेखक आहे, ज्याने आजवर एकही लेख पूर्ण केलेला नाही आणि तरीही त्याला कोणी हाकलत नाही. हा विनोद वाटतो, पण त्यामागे खरी हकीकत आहे. जोसेफ मिचेल या असामान्य लेखकाने १९६४ नंतर ‘न्यूयॉर्कर’मध्ये काही छापले नाही, तरी १९९६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते कचेरीत येत राहिले आणि साप्ताहिकाने त्यांना सांभाळले.

मराठी वाचकाला हा संपादक परका वाटू नये. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांना कथा पुन्हा लिहायला लावणारी, एकेका परिच्छेदाची चिकित्सा करणारी सविस्तर पत्रे पाठवत असत, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. हॉवित्झरच्या मेजावर ती पत्रे सहज शोभली असती. बिले मंजूर करण्याइतका पैसा मात्र आपल्या मासिकांकडे कधीच नव्हता.

पहिला छोटा लेख हर्बसेंट सॅझरॅक या सायकलस्वार वार्ताहराचा आहे. ओवेन विल्सन सायकलवरून शहर दाखवत फिरतात : उंदीर, खिसेकापू, जुन्या वस्त्यांच्या जागी उभी राहिलेली नवी बांधकामे, आणि दर आठवड्याला नदीतून सरासरी ८.२५ मृतदेह निघतात ही आकडेवारी. लेखात एखादे फुलांचे दुकानही घाला, असे संपादक सुचवतो आणि लेखक ते धुडकावून लावतो. गंमत आहे, पण तेवढीच. काही मिनिटांत हा भाग संपतो हे बरे.

खरा बहर येतो तो पुढच्या लेखात. मोझेस रोझेंथालर हा दोन मद्यविक्रेत्यांच्या खुनाबद्दल दीर्घ शिक्षा भोगणारा चित्रकार, त्याची विवस्त्र मॉडेल होणारी आणि अंगावर गणवेश चढताच पुन्हा त्याच्यावर हुकूम गाजवणारी पहारेकरीण सिमोन, आणि करचुकवेगिरीपायी त्याच तुरुंगात आलेला चित्रांचा दलाल ज्युलियन कादाझिओ यांची ही गोष्ट आहे. बेनिसियो देल तोरो, लेया सेडू आणि एड्रियन ब्रोडी या तिघांनी ती अशी खेळवली आहे, की एकाचीही लय दुसऱ्यात मिसळत नाही. देल तोरो गुरगुरत, अडखळत बोलतात, सेडू चेहऱ्याची रेषाही न हलवता आज्ञा देतात, आणि ब्रोडी सतत हातवारे करत सौदे पटवत राहतात. तुरुंगातल्या प्रदर्शनात कादाझिओ चित्राची किंमत विचारतो तेव्हा चित्रकार ती सिगारेटींच्या संख्येत सांगतो. इतक्या महत्त्वाच्या कलाकृतीचे मोल तुरुंगातल्या नाण्यांत चुकते करणे दलालाला कमीपणाचे वाटते, म्हणून तोच आपणहून फ्रँकमध्ये मोठी रक्कम देऊ करतो. कलेच्या बाजारात किंमत कशी ठरते, यावरचे एक अख्खे व्याख्यान या दोन मिनिटांत उरकते.

पुढे हाच चित्रकार वर्षानुवर्षे खपून आपली महान कलाकृती पूर्ण करतो, पण ती काढतो तुरुंगाच्या काँक्रीटच्या भिंतींवर. गुंतवणूक केलेल्या कादाझिओचा चेहरा त्या क्षणी पाहावा. आधी संताप, मग हताशपणा, आणि त्यानंतर हळूच, अनिच्छेने, चित्र खरोखरच थोर आहे ही कबुली, हे सारे ब्रोडी एका सलग आवेगात दाखवतात. अखेर त्या भिंती उचलून विमानाने कॅन्ससला नेल्या जातात. कादाझिओ हे पात्र जोसेफ ड्युव्हीन या ब्रिटिश कलाविक्रेत्यावर बेतलेले आहे. युरोपातील सरदार घराण्यांची चित्रे अमेरिकी धनिकांना विकून त्याने नाव आणि पैसा दोन्ही मिळवले, आणि त्याच्यावरची लेखमाला एस. एन. बेर्मन यांनी १९५१ मध्ये ‘न्यूयॉर्कर’साठीच लिहिली होती. रोझेंथालरची चित्रे प्रत्यक्षात सँड्रो कॉप या चित्रकाराने काढली आहेत, आणि ती चित्रपटासाठी उरकलेली नकली चित्रे वाटत नाहीत, यावर त्या गोष्टीचा निम्मा तोल उभा आहे. लेखिका जे. के. एल. बेरेन्सन हे सगळे एका सभागृहात पारदर्शिका (स्लाइड) दाखवत सांगते. टिल्डा स्विंटन यांनी तिला दिलेले ठसकेबाज उच्चार आणि मध्येच चुकून पडद्यावर येणारे तिचे स्वतःचेच विवस्त्र छायाचित्र यांमुळे, लेखिकेला आपला विषय जरा जास्तच जवळून माहीत होता, हे न सांगता कळते. समुद्रकिनारी हॉटेलात राहून हा लेख का लिहावा लागला, हा संपादकाचा प्रश्नही रास्तच ठरतो.

तिसऱ्या गोष्टीपाशी मात्र माझी तक्रार सुरू होते. ल्युसिंडा क्रेमेन्ट्झ ही वार्ताहर विद्यार्थ्यांच्या उठावावर लिहिते आहे. उठावाचा नेता झेफिरेली हा तिच्या परिचितांचाच मुलगा असतो, आणि ती त्याच्या जाहीरनाम्याचे मुद्रितशोधन करता करता त्याच्या शय्येपर्यंत जाते. या लेखामागे मे १९६८ मधील पॅरिसची घडामोड आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्या लेखिका मॅव्हिस गॅलंट यांनी त्या दिवसांत लिहिलेली, त्याच वर्षी ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून आलेली रोजनिशी आहे. मुलांना मुलींच्या वसतिगृहात जाऊ द्यावे, ही मागणी पॅरिसलगतच्या नांतेरच्या विद्यापीठात खरोखरच ठिणगी ठरली होती, त्यामुळे गोष्टीचा आरंभ खोटा नाही. पण खऱ्या मे महिन्यात विद्यार्थ्यांपाठोपाठ कारखाने बंद पडले, लक्षावधी कामगार संपावर गेले आणि राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचे सरकार हादरले. चित्रपटात कामगार जवळपास नाहीतच. उरते ती ध्वनिक्षेपकावरून महापौरांशी खेळली जाणारी बुद्धिबळाची लढत आणि सिगारेट ओढणारी सुंदर मुले. बुद्धिबळाची कल्पना चमकदार आहे, हे मान्य. ती चळवळीची थट्टा आहे की तिचे कौतुक आहे, हे दिग्दर्शकाला स्वतःलाच ठरवता आलेले दिसत नाही.

अधिक खटकते ते असे, की या गोष्टीत संपादनाचा धागा आयता हाताशी होता. पत्रकाराने आपल्या विषयाचा मजकूर सुधारून द्यावा का, दिला तर मग तो जाहीरनामा कोणाचा, आणि लेखात तटस्थपणाचा दावा तिने कोणत्या तोंडाने करावा, हे प्रश्न पटकथा उपस्थित करते आणि प्रेमप्रकरणाच्या गडबडीत विसरून जाते. फ्रान्सिस मॅकडोर्मंड आपल्या कोरड्या, सावध आवाजाने त्यांत जीव ओतू पाहतात. झेफिरेलीची सोबतीण ज्युलिएट ही लिना खुद्री यांनी तिखटपणे उभी केली आहे आणि तिचे आक्षेप पुष्कळदा लेखिकेपेक्षा अधिक योग्य वाटतात. टिमोथी शालामे यांच्या वाट्याला मात्र विस्कटलेले केस आणि विझलेला सूर यांपलीकडे फारसे काही आलेले नाही, त्यामुळे झेफिरेलीचा अंत होतो तेव्हा प्रेक्षकाला जे वाटायला हवे ते वाटत नाही.

चौथ्या गोष्टीने ही सारी उणीव भरून निघते. रोबक राइट हा कृष्णवर्णीय, समलिंगी, परदेशी राहणारा लेखक एका दूरचित्रवाणी मुलाखतीत आपला जुना लेख शब्दशः आठवून म्हणून दाखवतो आहे. या पात्रात कादंबरीकार जेम्स बाल्डविन यांचा बाणेदारपणा आणि ‘न्यूयॉर्कर’चे पत्रकार ए. जे. लिबलिंग यांचे खवय्येपण एकत्र आले आहे, आणि जेफ्री राइट यांचा खर्जातला, शब्दांवर प्रेम करणारा आवाज ते दोन्ही पेलतो. लेखाचा विषय आहे पोलीस आयुक्ताच्या खासगी भोजनगृहातला आचारी, लेफ्टनंट नेस्काफिए. पोलिसांसाठीच्या पाककलेचा तो आचार्य. हे अन्न कुठेही नेता येईल असे, पौष्टिक आणि एकाच हाताने खाता येईल असे हवे, कारण दुसरा हात पिस्तूल आणि कागदपत्रे यांच्यासाठी मोकळा राहिला पाहिजे. जेवण सुरू होण्याआधीच आयुक्ताच्या मुलाचे अपहरण होते, लेख भलत्याच वाटेला लागतो, पाठलाग सुरू होतो आणि त्यातला मोठा भाग चक्क रेखाटनांच्या चलतपटात उलगडतो. चित्रीकरण झालेले आंगुलेम हे फ्रेंच गाव १९७४ पासून भरणाऱ्या चित्रकथा महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे ही सजावट गावाच्या मातीतून आलेली आहे.

नेस्काफिए अपहरणकर्त्यांसाठी जेवण घेऊन जातो. मुळ्यात विष घातलेले असते आणि संशय येऊ नये म्हणून तो स्वतः ते खातो. हे सगळे लिहून झाल्यावर हॉवित्झर लेख वाचतो आणि म्हणतो, की आचाऱ्यावरच्या या लेखात आचाऱ्याला बोलायला एकच वाक्य आहे. राइट सांगतो, की तो आणखी काही बोलला होता, पण ते फार उदास करणारे होते म्हणून आपण ते काढून टाकले, आणि टोपलीतला कागद काढून संपादकाच्या हाती देतो. त्या पानावर विषातून वाचलेला नेस्काफिए अंथरुणावर पडल्या पडल्या दोन गोष्टी सांगतो. एक, त्या विषाला चव होती, आणि या वयात त्याच्या जिभेला नवी चव क्वचितच मिळते. दुसरी, तो शूर वगैरे नव्हता, परदेशी असल्यामुळे सगळ्यांची निराशा करण्याची त्या दिवशी त्याची इच्छा नव्हती, इतकेच. समोर बसलेला राइटही परदेशीच असतो. संपादक पान वाचून म्हणतो, की लेखातला सर्वोत्तम भाग हाच आहे आणि लेख लिहायचा तो याचसाठी. लेखकाला हे मुळीच पटत नाही आणि तो तसे स्पष्ट सांगतो. त्यावर हॉवित्झर वाद घालत नाही, फक्त ते पान काढू नकोस म्हणतो.

संपादन म्हणजे कात्री, असे आपल्याकडे समजले जाते. इथे संपादक लेखकाचे कापलेले वाक्य परत जोडून घेतो, कारण लेखकाने ते भाषेच्या दोषासाठी नव्हे, तर स्वतःला वाचवण्यासाठी कापलेले असते. एवढी बारीक गोष्ट पडद्यावर इतक्या सहजपणे आलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही. याच हॉवित्झरने कधी काळी पोलीस कोठडीत खितपत पडलेल्या राइटला गजांतून परीक्षणासाठी पुस्तक दिले होते, हे आपल्याला तोवर कळलेले असते, त्यामुळे दोघांच्या या तुटक बोलण्याला वजन येते.

तांत्रिक बाजू अँडरसन यांच्या लौकिकाला साजेशी आहे. छायालेखक रॉबर्ट योमन कृष्णधवल आणि रंगीत यांच्यात सतत ये-जा करतात आणि ती बहुतेक ठिकाणी अर्थपूर्ण असते : चित्र प्रथम दिसते तेव्हा रंग येतो, ताट वाढले जाते तेव्हा येतो, एका नर्तकीचे डोळे दिसतात तेव्हा येतो. दंगलीच्या दृश्यात माणसे जिथल्या तिथे थिजलेली दिसतात आणि कॅमेरा त्यांच्यासमोरून सरकत जातो. त्यात संगणकाची करामत नाही, नट खरोखरच निश्चल उभे आहेत आणि त्यांचे किंचित हलणे पकडता येते. अलेक्सांद्र देप्ला यांच्या संगीतात झाँ-इव्ह तिबोदे यांचा पियानो आहे, आणि शब्दांच्या गर्दीत तोच काय तो मोकळी जागा ठेवतो.

कारण गर्दी फार आहे. निवेदन चालू असते, खाली फ्रेंच संवादांची उपशीर्षके येत असतात, भिंतीवरच्या पाट्या वाचायच्या असतात आणि चौकटीच्या कोपऱ्यात कोणीतरी काहीतरी गमतीचे करत असते. छापील अंकाचे पान उलटून मागे जाता येते, चित्रपटगृहात ती सोय नाही. सर्शा रोनन किंवा विलेम डफो यांच्यासारखे कलावंत अंगठ्याएवढ्या भूमिकांत येऊन जातात, ते कशासाठी असा प्रश्न पडतो. अँडरसन यांची शैली आधीच मानवत नसलेल्यांनी इथून सुरुवात करू नये, आणि नग्नता असल्यामुळे लहान मुलांना बरोबर बसवू नये. घरी पाहणाऱ्यांनी एका बैठकीत एकच लेख पाहिला तरी बिघडत नाही, चौथा लेख तर नुसता वेगळा काढून पाहावा असा आहे.

श्रेयनामावली येताच उठू नये. तिच्यासोबत ‘द फ्रेंच डिस्पॅच’च्या कधीच न निघालेल्या अंकांची खावी आसनारेस यांनी काढलेली मुखपृष्ठे येतात, आणि ज्यांना चित्रपट अर्पण केला आहे त्या लेखक-संपादकांची नावेही. त्यांत रॉस, मिचेल, बाल्डविन, फ्लॅनर आहेतच, पण लाहोरला जन्मलेले, बालपणीच दृष्टी गेलेले आणि तीन दशकांहून अधिक काळ ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिणारे वेद मेहताही आहेत. चित्रपट जुलै २०२१ मध्ये कान महोत्सवात प्रथम दाखवला गेला, त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते. चित्रपटाला प्रेरणा देणाऱ्या मूळ लेखांपैकी काहींचा एक संग्रह चित्रपटाबरोबरच पुस्तकरूपाने निघाला आहे आणि गॅलंट यांची रोजनिशी त्यात आहे. तिसऱ्या गोष्टीने ज्यांची निराशा होईल, त्यांनी आधी ती वाचावी.